समुद्रासाठी सोंग काढलं तर लोक फक्त हसून निघून जातील का?

समुद्रफेस

नमस्कार मंडळी. आमचा समुद्रावर काम करणारा छोटा ग्रुप आहे, आतापर्यंत सगळं सरळमार्गी चाललंय, किनारा सफाई, निवेदनं, सह्यांची मोहीम, अधूनमधून एखादं व्याख्यान. निवेदनाची पोच मिळते, शिक्का मिळतो, पुढे काही नाही. आमची मागणी एकच आहे, की जो समुद्र कागदावर संरक्षित म्हणून जाहीर झालाय तिथे तरी तळ खरवडत जाणारी ट्रॉलिंग (बोटीमागे जाळं ओढत केलेली मासेमारी) बंद करा. ऐकायला इतकी साधी गोष्ट वाटते, पण जगात कितीतरी ठिकाणी नकाशावर संरक्षित आणि पाण्याखाली नांगरट अशीच परिस्थिती आहे.

आता ग्रुपमधली तरुण मुलं म्हणतायत की आपण माशांचे पोशाख घालून ऑफिसात जाऊ. एक मासा, एक खेकडा आणि एक म्हातारं कासव रांगेत उभे राहणार, हातात फाईल, आणि खिडकीपलीकडचा क्लार्क (तोही आपलाच माणूस) त्यांच्याकडे राहण्याचा पुरावा मागणार. मासा म्हणणार, साहेब घर तळावर होतं, काल रात्री जाळ्याने खरवडून नेलं, आता पत्ता काय लिहू. वाचूनच मला हसू आलं आणि पोटात खड्डाही पडला.

पण ग्रुपमधली जुनी मंडळी अजिबात तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, इतका गंभीर विषय, एप्रिल २०२४ मध्ये जगभरातली प्रवाळं एकाच वेळी पांढरी पडतायत असं जाहीर झालं, तेही चौथ्यांदा, आणि आपण तोंडाला रंग फासून नाचायचं? लोक हसतील, फोटो काढतील आणि निघून जातील, वर आपलं म्हणणं कायमचं चेष्टेवारी जाईल. मला दोन्ही बाजू पटतात म्हणून इथे विचारतेय. असं सोंग काढून समुद्रासाठी खरंच कुठे काही पदरात पडलंय का? आणि करायचंच झालं तर काय सांभाळायचं?

जुनी_पानं

पडलंय, आणि एकदा नाही. तुमच्या ज्येष्ठ मंडळींना आधी एवढं सांगा की ही पोरखेळाची परंपरा नाही. कॅनडात व्हिक्टोरिया नावाच्या बंदराच्या शहरात १९८७ साली काही वयस्क बायका एकत्र आल्या, कारण अणुशक्तीवर चालणारी आणि अण्वस्त्रं वाहू शकणारी अमेरिकन युद्धनौका त्यांच्या बंदरात येत होत्या. त्यांनी काय केलं, तर फुलाफुलांच्या टोप्या, शाली, आजीबाईंचा अस्सल अवतार, आणि ओळखीच्या चालींवर बोचरी गाणी. ‘रेजिंग ग्रॅनीज’ म्हणून त्या ओळखल्या जातात आणि आज बऱ्याच ठिकाणी असे आज्यांचे गट आहेत. आजीला हाकलायचं कसं हा प्रश्न समोरच्या वर्दीवाल्याला पडतो, आणि तिथेच अर्धं काम होतं.

दुसरं उदाहरण तेलाचं. आर्क्टिक समुद्रात शेल कंपनीला तेलासाठी विहिरी खणायच्या होत्या आणि लेगो ही खेळण्यांची कंपनी शेलबरोबर ब्रँडिंग करत होती. पर्यावरणासाठी लढणाऱ्या ग्रीनपीस संघटनेने २०१४ च्या जुलैमध्ये एक छोटा व्हिडिओ काढला, अख्खं आर्क्टिक लेगोच्या ठोकळ्यांचं, अस्वलं, मच्छीमार, मुलं, सगळं गोंडस, आणि हळूहळू काळं तेल वर चढत जातं आणि एकेक जण त्यात बुडतो. एक शब्द ओरडून बोललेला नाही. ऑक्टोबरमध्ये लेगोने जाहीर केलं की शेलबरोबरचा करार पुढे वाढवणार नाही. पुढच्या वर्षी सिएटलच्या बंदरात शेलची तेलविहीर खणणारी अवाढव्य रिग आली तेव्हा शेकडो लोक लहान लहान कयाक, म्हणजे वल्ह्याच्या होड्या, घेऊन तिच्याभोवती जमले, ते दृश्यच इतकं विसंगत होतं की जगभर छापून आलं. सप्टेंबर २०१५ मध्ये शेलने अलास्काजवळचं काम सोडलं, कंपनीने कारण दिलं ते पुरेसं तेल-वायू न सापडल्याचं आणि खर्चाचं. म्हणजे सगळं श्रेय कयाकला द्यायचं कारण नाही, पण शेलचं नाव त्या काळात किती खराब झालं होतं तेही विसरू नका.

आणि जिथे जमलं नाही तेही सांगते, नाहीतर अर्धवट चित्र उभं राहील. ब्रिटनमध्ये ‘बीपी ऑर नॉट बीपी’ म्हणून नाटकवाल्यांचा गट आहे. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपी ह्या तेल कंपनीच्या विहिरीचा स्फोट होऊन ११ कामगार गेले आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत होतं, आणि तीच कंपनी रॉयल शेक्सपिअर कंपनीची प्रायोजक. तर ह्या लोकांनी २०१२ पासून काय सुरू केलं, नाटक सुरू व्हायच्या आधी स्टेजवर चढायचं आणि शेक्सपिअरच्याच ढंगात, त्याच भाषेत, बीपीवर छोटं स्वगत म्हणून उतरून जायचं. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे! २०१९ मध्ये शाळकरी मुलांनीही दबाव आणला, बहिष्काराची भाषा केली, आणि नाटक कंपनीने बीपीचा पैसा सोडला. पण त्याच गटाने २०१६ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जलपऱ्या, चाचे आणि समुद्री प्राणी बनून धमाल उडवली, प्रदर्शन होतं समुद्रात बुडालेल्या इजिप्शियन शहरांचं आणि प्रायोजक बीपी, याहून चांगला मोका कुठला मिळणार. तरी म्युझियमने २०२३ मध्ये बीपीबरोबर १० वर्षांचा ५ कोटी पौंडांचा नवा करार केलाच. सोंग तेच, माणसं तीच, फरक हा की नाटक कंपनीला आपला तरुण प्रेक्षक हातचा जाईल अशी भीती वाटली आणि म्युझियमला तशी वाटली नाही. तेव्हा समुद्रफेसताई, तुमच्या साहेबाला नेमकी कशाची भीती आहे हे आधी शोधा, पोशाख नंतर शिवा.

दर्याचीलेक

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आमच्या घरात बोट आहे. समुद्राचं रक्षण म्हणून जे जे सोंग निघतं त्यात मच्छीमार नेहमी दुष्ट का असतो हो? मोठ्या मिशा, हातात जाळं, आणि माशाच्या मागे धावतोय. लहान बोटवाल्याला त्या तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरचा जेवढा त्रास होतो तेवढा कोणाला होत नाही, आमची जाळी तोडून नेतात, पिल्लं उपसून नेतात, आणि वर रस्त्यावर लोक हसणार ते आमच्यावर.

तुम्हाला सिएटलची कासवं माहीत असतील. १९९९ मध्ये तिथे जागतिक व्यापार संघटनेची बैठक होती आणि सुमारे २४० लोक समुद्री कासवाचा पोशाख घालून रस्त्यावर उतरले होते, पाठीवर पुठ्ठ्याचं कवच, हिरवी टोपी. ते फोटो अजून छापतात. मुद्दा काय होता, तर कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासवं अडकून गुदमरून मरतात, त्यावर उपाय म्हणजे जाळ्यात सळ्यांची एक तिरकी चौकट बसवायची, कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि कासव चौकटीला आपटून वरच्या झापेतून बाहेर पडतं. टेड म्हणतात तिला. अमेरिकेने कायदा केला की ज्यांच्या जाळ्यात ही सोय नाही त्यांची कोळंबी घेणार नाही. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड हे चार देश व्यापार संघटनेत गेले आणि १९९८ मध्ये निकाल आला की कासव वाचवायचा हेतू योग्य आहे पण अमेरिकेने तो राबवताना देशादेशांत भेदभाव केला, काहींना मुदत आणि मदत दिली, काहींना नाही. बघा, किती गुंतागुंत आहे. कासव मरू नये हे मलाही वाटतंच, पोटातून वाटतं. पण चौकटीचा खर्च कोणी करायचा, ती बसवायला कोणी शिकवायचं, हे त्या पुठ्ठ्याच्या कवचावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

उलट इटलीत बघा. टस्कनीत तालामोने म्हणून गाव आहे, तिथला पाओलो फांचुली हा स्वतः मच्छीमार. रात्री बेकायदा ट्रॉलर येऊन किनाऱ्याजवळचं समुद्रगवत उपटून न्यायचे. त्याने शिल्पकारांना हाताशी धरलं, संगमरवराचे मोठमोठे दगड मिळवले, त्यावर चेहरे, आकृत्या कोरून घेतल्या आणि ती शिल्पं समुद्राच्या तळाला नेऊन ठेवली. जाळं त्यात अडकलं की फाटतं, म्हणून ट्रॉलर तिथे यायला धजत नाही. त्यात गंमत आहे, कला आहे, बघायला लोक येतात, आणि मच्छीमार त्या गोष्टीचा नायक आहे. असं काहीतरी करा ना. तुमच्या त्या रांगेत मासा, खेकडा, कासव आहेत, चौथा एक लहान बोटवालाही उभा करा, त्याच्याही हातात तीच फाईल द्या.

पडद्यामागचा

दर्याचीलेक ताईंचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे, तो घ्याच. मी पथनाट्यात बरीच वर्षं आहे, तर करण्याच्या बाजूने सांगतो.

पहिली गोष्ट, मासा झालेल्या नटाने हसायचं नाही आणि हसवायचा प्रयत्नही करायचा नाही. त्याला खरंच अर्ज भरायचाय. तो ओल्या परांनी (म्हणजे हातमोज्यांनी) पेन धरायला जातो, पेन निसटतं, परत उचलतो, रकाना वाचतो, ‘कायमचा पत्ता’, आणि थांबतो. एवढंच. तो थांबला की लोक आधी हसतात आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी होतं. तुम्हाला स्वतःला वाचताना जे झालं तेच. नटाने डोळा मारला, लाडात आला, की तुमच्या ज्येष्ठांची भीती खरी ठरते. क्लार्कसुद्धा खडूस नको, उलट अतिशय नम्र, मदत करायला धडपडणारा हवा, कारण दोष त्या माणसाचा नाहीये, त्याच्याकडच्या फॉर्ममध्ये समुद्राला रकानाच नाही.

दुसरी गोष्ट, एक फोटो. बहुतेक लोक तुमचं नाटक बघणारच नाहीत, ते फोटो बघणार आहेत. त्या एका फोटोत पोशाख आणि मागणी दोन्ही मावलं पाहिजे. तुवालू ह्या छोट्या बेटदेशाचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे आठवतात? नोव्हेंबर २०२१, हवामान परिषदेसाठीचं भाषण, सूट, टाय, समोर पोडियम, सगळं एकदम सरकारी, आणि कॅमेरा मागे गेला की दिसतं साहेब गुडघाभर पाण्यात उभे आहेत, जिथे पूर्वी जमीन होती तिथे. मालदीवच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, नाशीद यांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये मंत्रिमंडळ पाण्याखाली नेलं होतं, पाठीवर हवेची टाकी, समोर टेबल, हातवाऱ्यांनी बोलणं आणि पाण्यातच ठरावावर सह्या. हे दोघं सत्तेतली माणसं होती, फारसं कोणी त्यांना पोरकट म्हटलं नाही, कारण चित्र बघितलं की मुद्दा कळत होता, खाली समजावून सांगावं लागत नव्हतं. तुमच्या माशाच्या छातीवर मोठ्या अक्षरात ‘संरक्षित क्षेत्रातला रहिवासी’ असा बिल्ला लावा, फाईलवर मागणी एका ओळीत लिहा. दुसरी ओळ नको.

आणखी एक प्रयोग सुचवतो, ऑफिसबाहेरच्या मोकळ्या जागेसाठी. मोठं जुनं जाळं घ्या, आठ-दहा जणांनी दोन्ही बाजूंनी धरायचं आणि गर्दीतून सावकाश चालत जायचं, आपले पोशाखवाले आणि जे हौसेने येतील ते प्रेक्षक असे सगळे जाळ्यात येऊ द्यायचे. मग एक जण वहीत बघून म्हणणार, आम्हाला फक्त हे चष्मेवाले काका हवे होते, बाकीचे सगळे परत फेका. जाळ्यातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात, आपण ‘बाकीचे’ आहोत हे त्यांच्या लक्षात येतं. तेव्हाच आकडा सांगा, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या (एफएओ) २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगभरात वर्षाला अंदाजे ९१ लाख टन पकडलेली मासळी समुद्रात परत फेकली जाते, म्हणजे एकूण पकडीच्या दहा टक्क्यांहून थोडी जास्त, आणि त्यातली जवळजवळ निम्मी, ४६ टक्के, तळाच्या ट्रॉलमधली. सुरुवातीला सांगाल तर हा आकडा कानावरून जाईल, जाळ्यात उभं राहून ऐकला तर विसरणार नाहीत.

सामानाचं म्हणाल तर चमकी वापरू नका, ते बारीक प्लास्टिकच आहे आणि गटारातून समुद्रातच जाणार, फुगेही नकोत. जुन्या छत्रीला कापडाच्या लांब पट्ट्या लावल्या की झकास जेलीफिश होतो, उघड-मीट केली की पोहतोय असं वाटतं. बंद मुखवट्यातून नीट दिसत नाही आणि जीव गुदमरतो, म्हणून प्रत्येक मुखवट्यामागे बिनपोशाखाचा एक सोबती ठेवा, रस्ता ओलांडताना हात धरायला. वाऱ्यावर आवाज जात नाही, संवाद कमी ठेवा. आणि एक माणूस साध्या कपड्यात हवाच हवा, ज्याच्याकडे मागणीचा कागद, नकाशा आणि उत्तरं आहेत. लोक हसले की त्याच क्षणी त्याने पुढे व्हायचं. हा माणूस नसेल तर घरीच बसा, खरंच सांगतो.

वाळूतला_वकील

आकड्यांवरून एक सांगायचं राहू नये. अमेरिकेत अँडी केलर नावाचा माणूस ५०० प्लास्टिक पिशव्या अंगावर चढवून ‘बॅग मॉन्स्टर’ बनून फिरायचा, एक माणूस वर्षात साधारण तेवढ्या पिशव्या वापरतो म्हणून. गठ्ठ्यासारखा डुलत तो पिशवीबंदीच्या सुनावण्यांना जायचा. त्याची स्वतःची कापडी पिशव्यांची कंपनी होती, आणि २०११ मध्ये पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांनी त्या कंपनीवर दावा ठोकला, तोही पोशाखावरून नाही, वेबसाईटवर दिलेल्या आकडेवारीवरून. तेव्हा सोंग कितीही रंगीत असू दे, कागदावरचा प्रत्येक आकडा कुठून आलाय हे तुमच्या त्या साध्या कपड्यातल्या माणसाला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. कॅलिफोर्नियाने पुढे राज्यभर बंदीचा कायदा केला आणि २०१६ मध्ये मतदारांनी तो मतदानाने कायम ठेवला, हेही लक्षात असू द्या.

परवानगीचं. आधी अर्ज करा, नाकारला तर तो नकारही तुमच्या कामाचा आहे. सायबेरियात बार्नौल शहरात २०१२ च्या सुरुवातीला लोकांना निदर्शनं करू देत नव्हते म्हणून त्यांनी बर्फात खेळणी उभी केली, टेडी, सैनिक, गाड्या, प्रत्येकाच्या हातात चिमुकला फलक. पुढच्या वेळी प्रशासनाने लेखी कळवलं की खेळणी ही नागरिक नसल्यामुळे त्यांना सभा घेता येणार नाही. सर्बियात ऑट्पोर चळवळीच्या मुलांनी तेव्हाचा सत्ताधीश मिलोसेविचचं चित्र चिकटवलेलं पिंप भर रस्त्यात ठेवलं, शेजारी दांडू, नाणं टाका आणि हाणा. मुलं बाजूला जाऊन बसली, लोकांनी रांग लावली, शेवटी पोलीस आले आणि कोणाला पकडावं कळेना म्हणून पिंपच उचलून नेलं. सत्ता अशा वेळी काही केलं तरी फसते आणि नाही केलं तरी फसते. माशाचा अर्ज खिडकीवर घेतला तर बातमी, नाही घेतला तर मोठी बातमी. मात्र अर्जावर खऱ्या माणसाचं नाव आणि सही असू द्या, म्हणजे तो रीतसर आवक रजिस्टरला चढेल.

एक गोष्ट मात्र करू नका, लबाडी. बनावट अधिकारी बनून, खोटं पत्रक काढून गंमत करायचा मोह होतो. ३ डिसेंबर २००४ ला, भोपाळ दुर्घटनेला २० वर्षं झाली त्या दिवशी, ‘द येस मेन’ गटातला एक जण डाऊ कंपनीचा (तिनेच पुढे भोपाळची युनियन कार्बाइड विकत घेतली होती) प्रवक्ता बनून बीबीसीवर आला आणि कंपनी १२ अब्ज डॉलर भरपाई देणार असं सांगून मोकळा झाला. कंपनीची नाचक्की झाली हे खरं, पण भोपाळमध्ये ज्यांनी ती बातमी खरी मानली त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. समुद्राच्या बाबतीत ही माणसं म्हणजे तुमचे किनाऱ्यावरचे मच्छीमार. ट्रॉलिंग बंद झालं असं खोटं पत्रक काढाल तर दर्याचीलेक ताईंच्या घरी काय वाटेल?

समुद्रफेस

सगळ्यांचे खूप आभार. काल ग्रुपमध्ये हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ज्येष्ठांपैकी एक काका, जे सगळ्यात विरोधात होते, ते म्हणाले साध्या कपड्यातला माणूस मी होईन. नकाशा त्यांना तोंडपाठ आहे, डिसेंबर २०२२ मध्ये देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखायचं वचन दिलंय तेही, आणि खुल्या समुद्राचा करार १७ जानेवारी २०२६ पासून लागू झालाय तेही. त्यांचं म्हणणं बरोबर आहे की वचनं आता आहेत, विचारायचं एवढंच आहे की राखलेल्या समुद्रात जाळं तळाला लागतं कसं. तेच फाईलवर लिहिणार आहोत, एका ओळीत.

रांगेत बोटवाला घेतलाय, आणि मुलांनी ठरवलं की तो पहिला उभा राहील आणि मागच्या कासवाला स्वतःची जागा देईल. ऑफिसात अर्ज, बाहेर जाळं, असे दोन्ही प्रयोग करायचेत. जुनं जाळं कुठे मिळेल आणि माणसांभोवती वापरायला सुरक्षित कसं करायचं, हे कोणाला माहीत आहे का?

दर्याचीलेक

जाळं बंदरावर मागा, फाटकी टाकून दिलेली असतातच, नाहीतर मला मेसेज करा, आमच्याकडचं देते. खालच्या दोरीला शिशाची वजनं असतात ती आधी सगळी काढून टाका, एखादं पायावर बसलं तर बोट मोडेल, आणि शिशाला हात लागला तर धुवून घ्या. गोड्या पाण्यात दोनदा भिजवून उन्हात वाळवा, नाहीतर वासाने कोणी जवळ येणार नाही. तुटलेले हुक, शिंपल्यांचे तुकडे अडकलेले असतात, हातमोजे घालून वीतभर वीतभर तपासा. आणि बारीक नायलॉनचं घेऊ नका, बोटं कापतात आणि बटणात अडकतं, जाड दोऱ्याचं मोठ्या आसाचं (भोकांचं) घ्या. कडेला चाकू घेतलेला एक माणूस उभा राहू दे, कोणी अडकलंच तर जाळं कापायचं, सोडवत बसायचं नाही.

बोटवाल्याचं काम कोण करतंय? माझा भाऊ तयार आहे, त्याला ती फाईल भरायचा सराव आहे.